ती लिफ्ट खरीच आहे

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं तू! बोल बोल. मला वाटलं परत त्या संपादक बाई.

नाही, अजून काहीच ठरलं नाही. बाराच्या ठोक्याला त्या फोन करणार आहेत. आत्ता किती वाजले तुझ्याकडे?… माझ्याकडेही सव्वाअकराच. तुझ्याकडे वेगळे कसे वाजतील म्हणा!

हसत नाहीये गं… बरं, हसतोय. सकाळपासून हसतोय. तू विचार कर, सात महिने हा फोन नुसता पडून होता. तुझी ताई गेली तेव्हा पंधरा दिवस वाजला, मग एकदम गप्प. आणि आज? तुझा नववा. नववा! सगळे भांडतायत. माझ्याशी नाही, आपापसात. तिच्या पुस्तकावरून. घरात कार्य निघाल्यासारखं झालंय.

हो, हो… अगं ऐक ना. एकच शब्द हवाय त्यांना. पुस्तकाच्या मागच्या बाजूला, वर डाव्या कोपऱ्यात छापायला. एक तर 'विज्ञान कादंबरी', नाहीतर 'सामाजिक कादंबरी'. दोन्ही चालणार नाही. मी विचारलं होतं.

छे, मी साधंच विचारलं, की बाई, 'कादंबरी' एवढंच छापा ना. तर म्हणाल्या, मग दुकानदार ती ठेवणार कुठे? म्हटलं, जिथे जागा असेल तिथे. त्यावर म्हणाल्या, विचार करून सांगा.

आता तू सुरू कर. माहितेय तू काय म्हणणार. सामाजिक. ग्रंथपाल बाई आहात तुम्ही, आम्ही पामर काय बोलणार.

काय?… हो, कपाट मी पाहिलंय तुमचं. जिन्याखाली.… बरोबर, मुलांच्या खोलीच्या दाराशी. अगदी खालचे दोन खण, निळी पट्टी लावलेली पुस्तकं.… हो, आणि सामाजिकवाली समोर, टेबलाजवळ, डोळ्यांच्या उंचीवर. कळलं. तुझ्या ताईचं पुस्तक गुडघ्याशी नको, डोळ्यांसमोर हवं. कळलं गं, तिसऱ्यांदा सांगतेयस.

मग कपाट वर सरकव ना! तूच तर ग्रंथपाल.… समिती? कपाट सरकवायला समिती लागते? आमच्याकडे लिफ्टच्या कामावर सहा माणसांची केबिन सहा मजले वर खाली करायला दोघं पुरायचे. मी आणि तेलाची बुधली.

हं. हं.… वहिनींचा फोन? आला की! सात वाजता आला. चहाचं पाणीसुद्धा ठेवलं नव्हतं. त्यांचं उलटंच आहे. त्यांना विज्ञान हवंय.

का म्हणजे? तू टाइप केलंयस ना, मलाच काय विचारतेस! ती दुसऱ्या मजल्यावरची बाई आठव. छत्रीच्या टोकाने लिफ्टचं बटण दाबते ती.… हां! आता आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतं कोण? आणि छत्री कुणाची?… अगदी तेच! त्यांनी ओळखलं स्वतःला. पण आधी काय म्हणाल्या माहितेय? "भाऊजी, मला काही वाटलं नाही हो त्यात." मग पाच मिनिटांनी, "पण विज्ञानाचं पुस्तक असलं की त्यातली माणसं कुणी खरी धरत नाही ना?" मग आणखी पाच मिनिटांनी, "आणि मी छत्रीने दाबते ते बटण सैल आहे म्हणून."

सैल नाहीये! मी स्वतः बसवलंय ते बटण!

अगं हळू हस, तू वाचनालयात आहेस.… कोण शू शू करतंय?… वाचक? ग्रंथपालाला?… मागे जा, त्या शिक्के मारायच्या खोलीत जा. मी धरतो.

…

गेलीस? हां. तिथे बस आता.

हे बघ, माझं मी काही ठरवलं नाही असं नाही. मी कामाला लागलो होतो. प्रकाशनाचे ते विक्रीवाले आहेत ना, जाडे, गोड बोलणारे, त्यांनी मला युक्ती सांगितली. म्हणाले, काका, सोपं आहे. गोष्टीतून यंत्र काढून टाका. यंत्र काढूनही गोष्ट उभी राहिली तर ती सामाजिक. कोसळली तर विज्ञान.

मग काय, काढलं! काल दुपारी जेवण झाल्यावर पेन्सिल घेऊन बसलो, आणि प्रुफांच्या एका प्रतीत जिथे जिथे लिफ्ट आली तिथे रेघ.… अख्खी गं! दोनशे बारा पानं. हात दुखला.

काय झालं म्हणजे? माणसं सगळी जिन्यात उभी राहिली. नुसतीच. कुणी वर जाईना, कुणी खाली येईना. पान चाळीसवर नवरा म्हणतो, "आली का?" आणि पान दोनशे दहापर्यंत कुणी उत्तरच देत नाही.

ऐक, पुढे ऐक. मग मी उलट करून पाहिलं. दुसरी प्रत घेतली. लिफ्ट ठेवली, माणसं काढली.… शपथेवर सांगतो, ती फार छान चालली! बावीस पानांत संपली. तक्रार करायलाच कुणी नाही.

अगं हसतेस काय, मी खरंच केलंय. टेबलावर आहेत दोन्ही. तिसरी प्रत चांगली आहे, ती संपादक बाईंची, त्यांच्या पेन्सिलच्या खुणांसकट. तिला मी हात लावला नाही.

मुखपृष्ठं? आली ना. दोन आली. एक विक्रीवाल्यांचं. त्यात लिफ्ट आहे, आणि ती चांदण्यांतून उडतेय, आणि खालून आग निघतेय. आग! मी फोन केला, म्हटलं साहेब, लिफ्टला आग लागली तर आम्ही वीज बंद करतो आणि लोकांना जिन्याने पाठवतो. तर म्हणाले, काका, ते वेगाचं सूचक आहे. म्हटलं, सेकंदाला अर्धा मीटर जाते ती. त्याहून वेगाने वहिनी जिना चढतात.

दुसरं संपादक बाईंचं. ते सामाजिक. त्यात खिडकी, खिडकीशी एक रिकामी खुर्ची, आणि पडदा हलतोय.… लिफ्ट? लिफ्ट नाहीच! अख्ख्या मुखपृष्ठावर लिफ्ट नाही. आणि आमच्याकडे खिडकीशी खुर्ची कधी होती सांग. तिथे कपाट आहे. लग्नापासून कपाट आहे. खिडकी उघडायची तर कपाटावर चढावं लागतं.

हो. हो. दिसायला छान आहे. ते मी नाही म्हणत नाही.

नाही गं, बाई चांगल्या आहेत. ही सगळी धावपळ त्यांनीच केली. तू हस्तलिखित पाठवलंस ते दोन दिवसांत वाचून मला फोन केला. फोनवर रडत होत्या. मीच त्यांना पाणी प्या म्हणालो. फक्त त्यांचं म्हणणं असं, की ती लिफ्ट म्हणजे लिफ्ट नाही.

मग काय आहे? मीही तेच विचारलं! म्हणाल्या, ते प्रतीक आहे. एकटेपणाचं. म्हटलं, बाई, ती सहा माणसांची आहे. चारशे आठ किलो. आत पाटी आहे तशी. तर म्हणाल्या, तुम्ही फार निरागस आहात. मी सहासष्ट वर्षांचा आहे!

थांब, तू त्यांच्या बाजूने बोलू नकोस. मला माहितेय, त्या शिकलेल्या आहेत. पण ऐक. त्यांनी मला मागच्या पानावरचा मजकूर वाचून दाखवला. त्यात लिहिलंय, की लेखिका सातव्या प्रकरणात भाषेची मोडतोड करते आणि यंत्राच्या थंड शब्दांतून संसाराची उदासी व्यक्त करते, असं याआधी कुणी केलं नाही, वगैरे. आणि म्हणून ही मुख्य प्रवाहातली कादंबरी आहे. त्यांचा सगळा भर त्या सातव्या प्रकरणावर. मी म्हटलं, वाचा बघू ते. त्यांनी वाचलं. नवरा-बायकोचं भांडण रंगात आलंय. ती म्हणते, "तुम्ही माझं ऐकता तरी का?" आणि त्याच्या खाली, काय आहे आठवतं तुला? तू टाइप केलंयस.

नाही आठवत? मी सांगतो. पाठ झालंय मला. "दरवाजा घासतो. कडी सैल. तेल दिले. आता आवाज नाही. रहिवासी समाधानी."

…

अगं, ती माझी नोंद आहे! माझी! बारा नंबरच्या इमारतीची! तुझी ताई माझ्या जुन्या कामाच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायची ना. आमच्याकडे गठ्ठेच्या गठ्ठे होते. तू टाइप करताना पान उलटलंस आणि माझी बाजूही घातलीस! एक पान तिचं, मध्ये पाच ओळी माझ्या, मग परत ती!

हॅलो?… अगं श्वास घे.… पाणी आहे का तिथे? पाणी पी.

नाही, त्यांना नाही सांगितलं. कसं सांगू? त्या म्हणत होत्या, "रहिवासी समाधानी" या दोन शब्दांनी त्यांच्या अंगावर काटा आला.

तुझी चूक नाही गं. एकोणीस प्रकरणं टाइप केलीस तू, नोकरी सांभाळून. एक पान उलटं गेलं तर काय बिघडलं. आणि खरं सांगू? मला आवडलं. भांडण चालू आहे आणि मध्येच मी येऊन तेल देऊन गेलो. तिने ऐकलं असतं तर तीन दिवस हसली असती. मी तसाच होतो की नाही? ती काही म्हणाली की मी कुठेतरी तेल द्यायला जायचो.

हं.

हो, त्या पुस्तकातला नवरा मीच आहे, त्यात काय लपवायचं. ती सकाळी खाली जायला निघते, "येते हं" म्हणते, आणि तो पेपरातून मान वर करत नाही.… मी करायचो गं मान वर. कधीकधी.

नाही, नाही, वाईट नाही वाटलं. वाटलं थोडं. पण मग पुढची अकरा वर्षं तो काय करतो ते बघ ना! लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकते, दार उघडतात तर आत कुणी नाही. सगळे म्हणतात बाई निघून गेली. हा एकटा म्हणतो, नाही, ती लिफ्टमध्ये चढली म्हणजे लिफ्टनेच कुठेतरी उतरवली. ज्याचं बटण नाही असा मजला असणार. मग तो मशीनच्या खोलीत बसून तारा जोडतो, दोर बदलतो, एकेक चूक काढतो. अकरा वर्षं. लोक त्याला वेडा म्हणतात, वहिनी छत्रीने बटण दाबतात… म्हणजे ती बाई.

तेच तर! मलाही तो वेडा वाटत नाही. मी त्याचं काम तपासलंय. जोडणी बरोबर आहे त्याची.

काय? शेवट?… तू नाही वाचलास?… अरे हो. तू एकोणीस प्रकरणं केलीस आणि विसावं तसंच, हाताने लिहिलेलंच पाठवलंस. मला वाटलं वेळ नव्हता तुला.

…

बरं.

नाही, मी काही म्हणत नाही. मलाही पहिल्यांदा उघडवलं नव्हतं. तुझ्या ताईच्या हातचं शेवटचं पान ते. उकार बघ कसे खालपर्यंत ओढलेत, रांगोळीसारखे. आता मला पाठ आहे, म्हणून उघडावंच लागत नाही.

आत्ता? फोनवर?… अगं पण तू कामावर आहेस.… बरं. बरं, सांगतो. बाईंची ती चांगली प्रत आहे समोर, तीच वाचतो. चष्मा कुठे… हा बघ, कपाळावरच.

शेवटचं पान. ऐक. "पहाटे पाच वाजता त्याने वीज सुरू केली. वर मोटर फिरली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मग एक दिवा लागला, ज्याला आकडा नव्हता. केबिन थांबली. थांबून राहिली. आणि पाचव्याकडे निघाली." ऐकतेयस ना?… "जाळी सरकली. ती आत उभी होती. तेच पातळ, तीच पिशवी. ती बाहेर आली. म्हणाली, 'अहो, दूध आत घेतलंत का?'"

हो. हे एवढंच म्हणते. अकरा वर्षांनी येते आणि दूध आत घेतलंत का म्हणते.

रडू नकोस गं. पुढे एकच वाक्य आहे, ते ऐक, मग रड. "ती उतरली तशी केबिन…" केबिन…

थांब.

थांब जरा. इथे नाहीये.

वाक्य नाहीये गं. 'दूध आत घेतलंत का' नंतर एकदम 'समाप्त' आहे… नाही, छापलंय, छापलंय, पण वर रेघ मारलीय. पेन्सिलीने. या प्रतीतलं हे पान मी बघितलंच नाही. पाठ आहे म्हणून उघडलंच नाही!

आहे, बाजूला काहीतरी लिहिलंय. बारीक अक्षर. उजेडात धरतो… "तांत्रिक. सामाजिक कादंबरीत खटकते. काढू." आणि त्याखाली, "म्हणजे भास की सत्य, हे वाचकावर राहील."

भास!

वाचकावर कसं राहील? काय राहील?… नाही, तू समजावू नकोस मला. तू ते वाक्य ऐकलंच नाहीस अजून. मी सांगतो. "ती उतरली तशी केबिन दोन सूत वर आली."

बस. एवढंच.

दोन सूत म्हणजे पाव इंच. आम्ही कामावर सूतच म्हणतो.… अगं म्हणजे काय? म्हणजे वजन! केबिन दोरावर लटकलेली असते. माणूस आत चढला की दोर ताणतो, केबिन जराशी खाली बसते. माणूस उतरला की जराशी वर येते. तुला कळतही नाही, पण उंबरठ्यापाशी बघितलं तर दिसतं. भास उतरला तर केबिन हलत नाही. भासाला वजन कुठे असतं? ती खरंच आत होती. खरंच आली. ते त्या एका वाक्यात आहे, बाकी कुठेच नाही.

आणि ते वाक्य आमच्या दोघांचं आहे. तुला माहीत नाही हे. कुणालाच माहीत नाही. तिने पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ते नव्हतं. मला म्हणाली, तुमच्या कामाचं काही चुकलं असेल तर सांगा. मी सगळं वाचलं, दोन आठवडे घेतले, आणि म्हटलं, एकच चूक आहे. बाई उतरली आणि केबिन हललीच नाही. म्हणजे ती आत नव्हतीच. एवढी हिरमुसली! मग म्हणाली, किती हलते? म्हटलं ते माणसावर आहे, आणि लिफ्टवर. तर म्हणाली, चला, दाखवा.

आत्ताच्या आत्ता म्हणजे आत्ता! तुझी ताई ती. दुपारी चार वाजता, आमच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर. मी जमिनीवर पालथा, उंबरठ्याला फूटपट्टी लावून. ती आत जातेय, बाहेर येतेय, आत जातेय, बाहेर येतेय. मी ओरडतोय, "हळू उतर, उडी मारू नकोस!" ती म्हणतेय, "पिशवी घेऊन उतरू की पिशवीशिवाय?" आणि खालून वहिनी, "कुणी अडवून धरलीय लिफ्ट?" आणि बटणावर छत्री, टक टक टक टक!

हसते आहेस ना? मीही हसत होतो, फूटपट्टी हलत होती म्हणून परत मोजावं लागलं. सात वेळा मोजलं. पिशवी घेऊन, दोन सूत. बरोबर दोन.

ते तिचं वजन आहे गं. त्या बाईचं नाही. तिचं.

…

हो. मी आहे. बोलतोय. जरा चष्मा पुसला.

हे बघ, आता मला कळलं हे सगळं काय आहे ते. आठवडाभर मी विचारतोय सगळ्यांना, की विज्ञान म्हणजे काय, सामाजिक म्हणजे काय, आणि कुणी कपाट सांगतं, कुणी मुखपृष्ठ सांगतं. फरक इथे आहे, या रेघेत. सामाजिक म्हटलं की लिफ्ट उदासी होते आणि मग बाई आली काय न आली काय, सारखंच. म्हाताऱ्याला भास झाला, बिचारा. विज्ञान म्हटलं की लिफ्टला लिफ्टसारखं वागावं लागतं. आणि मग तिला यावं लागतं. सुटकाच नाही. यावंच लागतं.

सगळ्या सामाजिक कादंबऱ्या तशा नसतील. तू वाचतेस, तुला माहीत. पण या बाईंना तसं वाटतंय, आणि पेन्सिल त्यांच्या हातात आहे.

माहितेय. समोरचं टेबल, डोळ्यांची उंची. तुझ्या मनात होतं की जो आत येईल त्याला आधी तिचं नाव दिसावं. मला कळतं ते. तुझी ताई आहे.… पण नाव समोर आणि ती आत नाही, असं करून काय उपयोग? सांग तू. मी तुलाच विचारतो. तू नको म्हणालीस तर मी नाही करणार. बारा वाजायला तीन मिनिटं आहेत.

…

…काय म्हणालीस? परत सांग, ऐकू आलं नाही.

अगं बाई माझी. गुडघ्याशी तर गुडघ्याशी म्हणतेस?

बरं. बरं, नाही रडत. तूही रडू नकोस, शिक्के ओले होतील.

वाजला! ऐकतेयस? बाहेरच्या खोलीतला दुसरा फोन. घड्याळ लावून बसल्या होत्या वाटतं. तू ठेवू नकोस, धरून राहा, मी हा हातातच घेऊन जातो. तिकडून ऐक. माझं काही चुकलं तर खोक, मला ऐकू येईल.… खोकून दाखव. हां. पुरे, पुरे, क्षय झाल्यासारखी नको.

हॅलो? नमस्कार बाई. हो, ठरलं. विज्ञान.

…हो, विज्ञान. नाही, मी विचार करूनच सांगतोय. घरच्यांशी बोललो.… ते विक्रीवाल्यांनी नाही सांगितलं मला. त्यांना उलट माझा निरोप द्या, लिफ्टखालची आग काढा. तिथे भिंत रंगवा म्हणावं, साधी, विटांची. मी फोटो पाठवतो.

पुरस्काराचं कळलं. विज्ञान म्हटलं की त्या यादीत नाही बसणार. हरकत नाही.… सातवं प्रकरण? ते राहू दे बाई, जसं आहे तसं. तुम्हाला आवडलंय ना. त्याचं मी कधीतरी निवांत सांगेन.

आणखी एक. शेवटच्या पानावर तुम्ही एक रेघ मारलीय.… हो, तेच वाक्य. ते परत घाला.

नाही, तांत्रिक नाही.… बरं, तांत्रिक तर तांत्रिक. विज्ञानाच्या पुस्तकात तांत्रिक चालतं ना? सामाजिकमध्ये खटकतं असं तुम्हीच लिहिलंय. मग झालं. तिथे राहू दे.

…काय?… ती खरंच आली, हे वाचकाने कशावरून धरायचं म्हणता?

मोजलंय बाई. मी स्वतः मोजलंय. सात वेळा.

हो. लिहून घ्या. दोन सूत. दीड नाही, अडीच नाही. ठेवतो.

…

हॅलो? आहेस ना गं?… खोकली नाहीस तू एकदाही.